आतड्याचे नाते



काही महिन्यांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक मावशी सकाळच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात इस्पितळाची फाईल. मुंबईच्या एका इस्पितळात त्यांच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी व्हायची होती आणि त्याआधी सही करण्यासाठी दोन कागद दिले होते. पहिला कागद तपासणीचा होता. त्याविषयी त्यांना काही विचारायचे नव्हते. दुसऱ्या कागदावर असे होते की, तपासणीसाठी आतड्याचे जे बारीक तुकडे काढले जातील त्यांतला काही भाग संशोधनासाठी ठेवण्यात येईल आणि त्यातील पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवल्या जातील. 'दीर्घकाळ म्हणजे किती?' असे मावशींनी नातवाला विचारले होते. 'कदाचित कितीतरी वर्षं,' असे तो म्हणाला होता.

"फादर, मी मातीत जाईन आणि माझ्या आतड्याचा तुकडा तिकडे बशीत जिताच राहील. मग मी पुरी मेले असं म्हणायचं की नाही?"

आम्ही घाईत होतो. पुढच्या मिस्साची वेळ झाली होती. आम्ही म्हणालो, "मावशी, कापलेली नखं नि केस, तसंच ते समजा. करून टाका सही."

मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नखं कुणी जपून ठेवत नाही, फादर."

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आहे, पण या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही मावशींकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली, थोडे वाचले, आपल्या धर्मग्रामातील एका डॉक्टरांकडे जाऊन बसलो. त्यातून जे उमगले ते आज आपणा सर्वांपुढे ठेवतो. कारण असा कागद उद्या आपल्यापैकी कुणाच्याही हातात पडू शकतो.

प्रथम हे काय काम आहे ते पाहू. आपल्या आतड्याला आतून एक अस्तर असते. त्याची जाडी फक्त एका पेशीची. आपण खाल्लेला घास आणि आपले रक्त यांच्यामध्ये तेवढाच आडपडदा. अन्न, पाचकरस आणि जंतू यांच्याशी सतत गाठ असल्याने या पेशी फार टिकत नाहीत. बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. या नव्या पेशी येतात कुठून? अस्तरात सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. त्या आयुष्यभर विभागत राहतात. नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे हॅन्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली या मूलपेशी ओळखण्याची खूण शोधून काढली.

नवल असे की, शरीरात इतक्या जोमाने वाढणारे हे अस्तर बाहेर काढले की फार काळ जगत नसे. अस्तराच्या पेशीला तिच्या खालच्या थराचा आधार सुटला की ती आपणहून मरते. या मरणाला शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये 'अनॉयकिस' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'ऑयकॉस' म्हणजे घर. तेव्हा हे बेघर झाल्यामुळे आलेले मरण.

कर्करोगाच्या पेशी मात्र असे घर मागत नाहीत. त्यामुळे अनेक वर्षे संशोधकांनी आतड्याचा अभ्यास कर्करोगाच्या पेशींवरच केला. त्यांतल्या एका पेशीवंशाचे नाव 'कॅको-२'. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत योर्गन फोग यांनी तो वाढवला. या पेशी एका ७२ वर्षांच्या पुरुषाच्या मोठ्या आतड्यातील गाठीतून आल्या. त्या जाळीदार पडद्यावर सुमारे तीन आठवडे वाढू दिल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागू लागतात. म्हणून गिळायचे औषध आतड्यातून रक्तात कितपत उतरेल, हे तपासण्यासाठी औषध कंपन्या आजही त्या वापरतात.

निरोगी आतड्याच्या पेशींना बाहेर जगवणे साधले ते २००९ मध्ये. तोशिरो सातो नावाचे जपानी डॉक्टर तेव्हा क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. त्यांनी उंदराच्या आतड्यातील मूलपेशी घेतली आणि तिच्यासाठी घर तयार केले. जेलीसारखा एक पदार्थ असतो, तोही उंदराच्या गाठीपासूनच मिळतो. त्या जेलीत पेशी ठेवून वरून वाढीसाठी लागणारी मोजकी प्रथिने दिली. काही दिवसांत त्या एका पेशीतून पोकळ गोळा तयार झाला, त्याला कोंब फुटले, आणि आतड्यात असतात तसे खळगे व निरनिराळ्या प्रकारच्या पेशी त्यात दिसू लागल्या. २०११ मध्ये माणसाच्या आतड्याच्या बाबतीतही हे साधले. या गोळ्यांना 'ऑर्गनॉइड' म्हणतात, म्हणजे अवयवाची छोटी प्रतिकृती.

ते वर्षानुवर्षे कसे टिकतात, हे घरातल्या विरजणावरून समजेल. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणायचे, दही लावायचे, त्यातले थोडे काढून पुन्हा दूध लावायचे. ऑर्गनॉइडचेही तसेच. साधारण दर आठवड्याला गोळे फोडून त्यांचे तुकडे नव्या जेलीत रुजवतात. काही नमुने द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि पुढे कधीतरी पुन्हा जागे करतात.

याचा उपयोग काय? सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात शरीरातील स्राव घट्ट होतात, फुप्फुसे आणि पचन दोन्ही बिघडतात. २०१३ मध्ये उट्रेक्टच्या संशोधकांनी दाखवले की, गुदाशयाच्या अस्तराच्या बारीक तुकड्यापासून ऑर्गनॉइड वाढवून त्यांत एक रसायन घातले की निरोगी माणसाचे गोळे पाणी ओढून फुगतात, या रुग्णांचे नीट फुगत नाहीत. मग औषध घालून पाहायचे. गोळे फुगले तर ते औषध त्या रुग्णाला लागू पडण्याची आशा. ज्यांच्या आजाराचा प्रकार इतका दुर्मीळ की त्यांच्यासाठी मोठी चाचणी कुणी घेणार नाही, अशा काही रुग्णांना या बशीतल्या परीक्षेमुळे औषधाची वाट मोकळी झाली. २०२२ मध्ये टोकियोत डॉक्टरांनी आतड्याला व्रण झालेल्या एका रुग्णाच्या स्वतःच्या निरोगी अस्तरापासून ऑर्गनॉइड वाढवून ते दुर्बिणीच्या साहाय्याने त्याच्याच आतड्यात रोपले.

'स्टेम सेल' हा शब्द ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल. ती योग्यच आहे, पण इथे ती लागू नाही. २००८ साली परमधर्मपीठाच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने काढलेल्या 'दिग्नितास पेर्सोने' या दस्तऐवजात हा फरक स्पष्ट केला आहे. गर्भाचा नाश करून पेशी काढणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. देणाऱ्याला गंभीर इजा न करता प्रौढ माणसाच्या शरीरातून मूलपेशी घेणे मान्य आहे. मावशींचा तुकडा या दुसऱ्या प्रकारातला. त्यामुळे 'हे पाप आहे का?' हा त्यांचा प्रश्न नव्हताच. तो तुकडा त्यांचा कोण लागतो, हा होता.

पहिले उत्तर आम्हीच दिले होते. शरीरापासून वेगळे झाले म्हणजे टाकाऊ. मावशींनी ते एका वाक्यात मोडले. जे टाकाऊ ते कुणी नायट्रोजनमध्ये जपून ठेवत नाही. शिवाय नख कापले की त्याची वाढ थांबते. हा तुकडा वाढतो. आणि त्यातल्या प्रत्येक पेशीत मावशींचा पूर्ण आनुवंशिक मजकूर असतो. तो वाचून त्यांच्याविषयीच काय, त्यांच्या मुला-नातवंडांविषयीही काही कळू शकते. इथे विरजणाची उपमा अपुरी पडते. शेजारणीच्या विरजणातून शेजारणीच्या घरचे गुपित कळत नाही.

दुसरे उत्तर मावशींच्या भीतीतले. तो तुकडा म्हणजे मीच. हेही टिकत नाही. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की, देहापासून तुटलेला हात नावापुरताच हात असतो, कारण हाताचे काम तो करू शकत नाही. बशीतल्या आतड्याचेही तसेच आहे. अन्न ज्या बाजूला यायचे ती बाजू त्या गोळ्यात आत बंद झालेली असते. तिथे घास येत नाही. त्याला कुणाचे पोट भरायचे नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे प्रश्न होता की, आपले शरीर सतत झिजते आणि नव्याने भरते, मग माणूस तोच कसा राहतो? त्यांनी आगीचा दाखला दिला. लाकडे जळून जातात, नवी घातली जातात, तरी आग तीच असते. आम्ही मावशींसाठी एक हिशेब केला. दर पाच दिवसांनी एकदा अस्तर बदलते असे धरले तरी सत्तर वर्षांत ते पाच हजारांहून अधिक वेळा बदलले. मावशी मात्र एकच राहिल्या. तेव्हा एक तुकडा कुठे जगत राहिला म्हणून त्यांचे मरण अपुरे राहणार नाही, की त्यांच्या पुनरुत्थानात काही कमी पडणार नाही.

पण मग तो तुकडा मावशी नव्हे, आणि कचराही नव्हे, तर आहे तरी काय?

इथे आपल्या मायबोलीने आम्हाला मदत केली. आपण म्हणतो आतड्याची माया, आतड्याचे माणूस, आतडे पिळवटले. गंमत पाहा, शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत दयाळू शोमरोनीला कळवळा आला असे सांगताना जे क्रियापद आले आहे, त्याचे मूळही पोटातल्या अवयवांच्या नावात आहे. नाते सांगायला माणसाने पोटाच्या आतली जागा निवडली, इकडेही आणि तिकडेही. आमच्या मते तो तुकडा मावशींनी दिलेली वस्तू आहे आणि दिलेल्या वस्तूला देणाऱ्याचे नाते चिकटलेले असते. आजीने दिलेली बांगडी म्हणजे आजी नव्हे, पण ती भंगारात घालताना हात थांबतोच. ज्याच्या हाती ती पडली, त्याच्यावर काही बंधने येतात.

कोणती बंधने? एक खटला इथे सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत जॉन मूर नावाच्या रुग्णाची प्लीहा १९७६ मध्ये कर्करोगामुळे काढली गेली. डॉक्टरांनी तिच्यातील पेशींपासून पेशीवंश तयार केला आणि त्याचे पेटंटही घेतले. मूर यांना हे कुणी सांगितले नव्हते. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, काढलेल्या पेशींवर मूर यांना मालकी सांगता येणार नाही; पण त्या पेशींत आपला संशोधनाचा आणि पैशाचा स्वार्थ आहे, हे डॉक्टरांनी रुग्णाला आधी सांगायला हवे होते. आम्हाला या निकालाचा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. प्रश्न मालकीचा असता तर तो किंमत देऊन मिटला असता. पण मूर यांच्याशी बोलताना डॉक्टरांनी जे लपवले, त्याची भरपाई पैशाने होत नाही. ज्याला काही माहीतच नाही त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूला आपण दान म्हणू शकत नाही.

आणि पैसा इथेही येतोच. उट्रेक्टमध्ये रुग्णांच्या ऑर्गनॉइडचा संग्रह सांभाळण्यासाठी एक संस्था उभी राहिली होती. २०२४ च्या डिसेंबरात जर्मनीच्या मर्क कंपनीने ती विकत घेत असल्याचे जाहीर केले. यात काही गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. औषध शेवटी कुणीतरी बनवावेच लागते. पण एके दिवशी इस्पितळात दिलेला तुकडा पुढे कुठल्या हातांत जाईल, हे देणाऱ्याला त्या दिवशी दिसत नाही. म्हणून सारा बूर्स आणि आनेलिन ब्रेडेनूर्ड या डच नीतिशास्त्रज्ञांनी सुचवले की, सुरुवातीच्या एका सहीवर सगळे सोडून देऊ नये. पेशी जितका काळ जगतील तितका काळ देणाऱ्याला कळवत राहण्याची, त्याचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था असावी. पेशींचे आयुष्य लांबले, तर जबाबदारीचेही लांबायला हवे.

आपल्या देशातही याविषयी नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे, नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये, आणि दिलेली संमती मागे घेता येते. मात्र नमुन्यावरचे नाव कायमचे पुसले गेले, तर तो पुन्हा शोधून काढता येत नाही. हे आधीच विचारून घ्यावे.

चार दिवसांनी आम्ही हे सगळे घेऊन मावशींच्या घरी गेलो. त्यांनी ओट्यावर बसून शांतपणे ऐकले. आगीचा दाखला त्यांना पटला. "चूल सकाळपासून तीच पेटते नि लाकडं किती जळून जातात," असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "तो बहात्तर वर्षांचा म्हातारा, त्याला कुणी विचारलं होतं का?"

आम्ही सांगितले की, त्या काळी उरलेल्या तुकड्यांसाठी वेगळी परवानगी घ्यायची रीत रुळलेली नव्हती. मावशी स्वतः सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची गोळी घेतात. टेबलावरच्या त्या पाकिटाकडे त्यांनी एकदा पाहिले. "म्हणजे आपण सगळेच त्याचं देणं लागतो," त्या म्हणाल्या, "आणि नाव पण ठाऊक नाही." त्या रात्री घरच्या रोझरीत त्यांनी त्या अनोळखी माणसासाठी एक 'नमो मरिया' म्हटली, हे त्यांच्या सुनेने आम्हाला नंतर सांगितले.

तपासणीच्या दिवशी मावशींनी सहीआधी तिथल्या तरुण डॉक्टरांना प्रश्न विचारले. माझं नाव त्यावर राहणार का? कंपनीला देणार असाल तर मला कळवाल का? मन बदललं तर कुणाला सांगायचं? आणि माझ्या पोराबाळांना उपयोगी पडेल असं काही सापडलं तर निरोप द्याल का? डॉक्टरांनी स्टूल ओढले आणि ते त्यांच्याजवळ बसले. दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी लगेच दिली, एका प्रश्नासाठी वरिष्ठांना फोन केला. चौथ्याचे उत्तर त्यांनी कागदावर हाताने लिहून खाली स्वतःची सही केली. मग मावशींनी सही केली.

त्यांनी नकार दिला असता तरी आम्ही त्यांना दोष दिला नसता. नाही म्हणता येत असेल तरच होकाराला दान म्हणता येते. पण त्यांनी दिले याचा आम्हाला आनंद आहे. कुठल्याशा आजारी मुलाच्या औषधाची परीक्षा उद्या त्या तुकड्यावर होईल, असे होऊ शकते. त्या मुलाला मावशींचे नाव कधी कळणार नाही.

आपल्यापैकी कुणापुढे असा कागद आला तर घाबरून नकार देऊ नये आणि न वाचता सहीही करू नये. मावशींचे चार प्रश्न लिहून ठेवावेत व धीटपणे विचारावेत. इंग्रजी कळत नसेल तर मराठीत सांगा असे म्हणावे, तो आपला हक्क आहे. आणि मनात अडखळत असेल तर कागद घेऊन धर्मगुरुनिवासात यावे. या वेळी आम्ही घाईत नसू.

आपला,
प्रमुख धर्मगुरू